टेकडीला लागून परसबाग, पाणी दिवसाआड, त्यात वणवा: उन्हाळ्यात बाग बंदच ठेवायची का?

ताई, तुमचा प्रश्न मला कसा कळलाय ते आधी सांगते, काही चुकलं असेल तर सांगा. पुण्यात वारज्याच्या वरच्या अंगाला टेकडीला लागून रो हाउस, मागे साधारण 600 स्क्वेअर फूट परसबाग, कॉर्पोरेशनचं पाणी उन्हाळ्यात दिवसाआड, बोअर आहे पण मे मधे त्याला जेमतेम पाणी. गेल्या एप्रिलमधे टेकडीवरचा वणवा कंपाउंडच्या भिंतीपर्यंत आला, ठिणग्यांनी शेडनेट आणि वांग्याच्या वाफ्यातलं पाचट पेटलं, आणि त्याच्या आधी दोन आठवडे वळवाच्या वाऱ्यानं दोडक्याचा मांडव आडवा झाला होता. आता सासूबाई म्हणतायत होळी झाली की जूनपर्यंत बाग बंद ठेव. आणि तुमचा खरा गोंधळ असा की सगळे आच्छादन करा, म्हणजे वाफ्यातली माती पाल्या-पाचटानं झाका, म्हणतात, पण तुमच्याकडे पेटलं ते आच्छादनच.

माझं उत्तर आधीच सांगून टाकते. बंद करू नका, लहान करा, आणि बागेतल्या वस्तूंच्या जागा बदला. आच्छादन करायचंच, पण टेकडीच्या बाजूला वेगळं आणि आत वेगळं.

मी बावधनला टेकडीच्या उतारावर 24 वर्षं भाज्या लावतेय, आणि त्यातली शेवटची दहा-बारा वर्षं लोकांना परसबागा उभ्या करून द्यायचं काम करते, पाषाण, बाणेर, वारजे, तळजई अशा बाजूला, म्हणजे बहुतेक सगळ्या टेकडीशेजारच्याच. तुमच्याकडे झालं ते माझ्याकडेही झालंय. एका वर्षी मी उसाचं पाचट अर्धा फूट जाड अंथरलं होतं, सगळ्या बागेत, अगदी मागच्या भिंतीला टेकवून, आणि मला त्याचं फार कौतुक होतं कारण खाली माती मस्त ओली राहायची. वणवा भिंतीबाहेरच विझला, पण ठिणग्या आत आल्या आणि वीस मिनिटांत तीन वाफे, ड्रिपचे पाइप, सगळं गेलं. त्यानंतर मी बागेची मांडणीच बदलली, ती खाली सांगते.

बघा, अडचण अशी आहे की दुष्काळ, वारा आणि आग या तिघांसाठी मिळणारे सल्ले एकमेकांना छेद देतात. पाणी वाचवायचं तर सुका पाला जाड घाला. वारा अडवायचा तर कुंपणाला तुरीची दाट रांग लावा. ऊन कमी करायचं तर शेडनेट बांधा. प्रत्येक सल्ला आपापल्या जागी बरोबर आहे, पण तिन्ही एकत्र आणि तेही टेकडीच्या बाजूला केले की एप्रिलमधे आपण भिंतीशी सरपण रचून ठेवल्यासारखं होतं. म्हणून काय करायचं याच्या आधी कुठे करायचं ते ठरवा.

काही गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथे बसून सांगता येणार नाहीत. पहिली म्हणजे टेकडी घराच्या वर आहे की घर टेकडीच्या वर. आग चढावर भराभर जाते, कारण ज्वाळा वरच्या गवताला आधीच तापवून सुकवतात, उतारावरून खाली येताना ती हळू येते. तुम्ही पायथ्याला असाल तर त्यामानाने बरं. पण आपल्याकडे मार्च ते मे दुपारनंतर पश्चिमेचा वारा सुटतो तो संध्याकाळी उशिरापर्यंत राहतो, आणि तो टेकडीवरून तुमच्याकडे येत असेल तर उताराचा फायदा उरत नाही. म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्यात तीन-चार दिवस संध्याकाळी पाचला कंपाउंडच्या खांबाला चिंधी बांधून ती कुठे उडते ते बघा. आत्ता जानेवारीत बघून उपयोग नाही, आत्ताचा वारा वेगळा. दुसरी गोष्ट माती. टेकडीच्या पायथ्याला बहुतेक ठिकाणी हातभर मातीखाली मुरूम लागतो, पाणी झरकन खाली जातं. बिल्डरने भरावाला काळी माती टाकली असेल तर ती पाणी धरते पण सुकली की भेगा पडतात आणि मुळं तुटतात. मुरुमाला थोडं थोडं आणि वारंवार पाणी, काळ्या मातीला भरपूर आणि उशिरा, एवढा तरी फरक करावाच लागतो.

आता पाण्याचा हिशोब, कारण बाग लहान करा असं मी का म्हणते ते यातूनच कळेल. एक स्क्वेअर मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. एप्रिल-मे मधे भाजीचा भरलेला वाफा दिवसाला स्क्वेअर मीटरमागे सहा-सात लिटर पाणी सहज उडवून टाकतो, काही झाडातून आणि काही मातीतून. तुमच्या 600 स्क्वेअर फुटांपैकी वाटा वगैरे सोडून निम्मे वाफे धरले तरी रोजचे 170 ते 200 लिटर झाले, आणि हे पाणी दिवसाआड येणाऱ्या पिंपातून काढायचं म्हणजे घरात भांडण ठरलेलंच, त्यात सासूबाईंची काहीच चूक नाही. आपल्याला पाणी देणारी खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर चारही धरणं मिळून साधारण 29 टीएमसीची (अब्ज घनफुटांची), आणि त्यातूनच दौंड-इंदापूरच्या शेतीचं आवर्तनही, म्हणजे कालव्याचं पाणी, सोडायचं असतं. पाऊस कमी झालेल्या वर्षी कपात होणार हे धरूनच चालायचं.

तेच तुम्ही वाफे 120-130 स्क्वेअर फुटांवर आणले, म्हणजे चार फूट बाय दहा फुटांचे तीन वाफे, तर ऐंशी लिटरच्या आसपास लागतं आणि नीट आच्छादन केलं तर पन्नास-साठमधे भागतं. यातलं बरंचसं घरातच मिळतं. तांदूळ, डाळ, भाज्या धुतल्याचं पाणी चार माणसांच्या घरात पंधरा-वीस लिटर होतं, ते सरळ भाज्यांना चालतं. एसीचं पाणी चांगलं असतं, त्यात क्षार जवळपास नसतातच. आरओमधून बाहेर जाणाऱ्या पाण्यात मात्र क्षार एकवटलेले असतात, त्यात तुमचा बोअर आधीच जड, कुंड्यांवर पांढरा थर धरतो ना तेच ते. हे पाणी रोपांना आणि कुंड्यांना नको, फरशी पुसायला वापरा. आंघोळीचं पाणी कर्दळ, केळ यांना द्या. वॉशिंग मशीनचं पाणी पालेभाजीला अजिबात नको, आणि कुठलंही साबणाचं पाणी साठवून ठेवू नका, दुसऱ्या दिवशी वास मारायला लागतं.

पाणी घालण्यात दोन चुका मला सगळीकडे दिसतात. एक म्हणजे कोरड्या ठणठणीत मातीवर एकदम बादली ओतणे. फार सुकलेली माती, आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) तर विशेष करून, पाणी आत घेतच नाही, ते कडेकडेनं निघून जातं आणि आपल्याला वाटतं पाणी भरपूर झालं. आधी मगभर शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं द्या. दुसरी चूक म्हणजे दुपारी पानं मलूल दिसली की लगेच पाणी घालणे. दुपारी तीनला वारा गरम असतो, मुळं ओढतात त्यापेक्षा पानं जास्त उडवतात, म्हणून ओल्या मातीतलं वांगंसुद्धा मान टाकतं. संध्याकाळी सातला बघा, आणि खात्री करायची तर सकाळी सहाला. सकाळी पण मलूल असेल तरच त्याला पाणी हवंय. नुसतं एवढं पाळलं तरी पाणी बरंच वाचतं, आणि मुळकूज कमी होते ते वेगळंच.

माठ पुरायची पद्धत तुम्ही ऐकली असेल, ती या तीन वाफ्यांसाठी मला सगळ्यात खात्रीची वाटते. पाच-सात लिटरचा, अरुंद तोंडाचा, आतून-बाहेरून बिनपॉलिशचा मातीचा माठ गळ्यापर्यंत मातीत पुरायचा, पाणी भरून वर ताटली ठेवायची म्हणजे डास होत नाहीत. माती जशी सुकेल तसं पाणी झिरपतं. साधारण फूट-दीड फुटाच्या घेरातली झाडं त्यावर जगतात, दहा फुटी वाफ्याला चार माठ पुरेत, आणि दोन-तीन दिवसांनी भरले तरी चालतात, म्हणजे तुमच्या दिवसाआडच्या पाण्याला अगदी जुळतं. एक सांगते, घरातला जुना माठ पाणी गार करत नाही म्हणून बागेत पुरतात बरेच जण. तो गार करत नाही याचा अर्थच त्याची भोकं क्षारांनी बुजलीत, मग तो झिरपणार कसा? नवीनच आणा, कुंभारवाड्यात मिळतो. आणि बोअरचं पाणी भरत असाल तर दर उन्हाळ्याच्या शेवटी बाहेर काढून व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून घासून ठेवा. शिवाय माठ जमिनीखाली असतो, त्याला ना वारा लागत ना आग, ड्रिपचा पाइप एका ठिणगीत वितळतो. ड्रिप ठेवायचाच असेल तर दोन इंच मातीखाली घ्या.

लावायचं काय? संक्रांत होऊन गेलीय, होळीपर्यंत दीडेक महिना हातात आहे, आणि उन्हाळी भाज्या पेरायची हीच वेळ, फेब्रुवारी संपायच्या आत पेरलं की ऊन कडक व्हायच्या आधी मुळं खाली गेलेली असतात. एप्रिलमधे लावलेलं रोप जगवायला दुप्पट पाणी जातं. गवार आधी लावा, तिचं सोटमूळ खोल जातं आणि एखादा दिवस विसरलात तरी ती रुसत नाही, पुसा नवबहार बी सगळीकडे मिळतं. चवळी लावा, ती भाजीही देते आणि जमीनही झाकते. भेंडी रात्रभर भिजवून पेरा, परभणी क्रांती जात घेतलीत तर हळद्याचा, म्हणजे पानं पिवळी पडायच्या रोगाचा, त्रास कमी होतो. वांगी, मिरची आहेत ती ठेवा. पालेभाजी हवीच तर माठ, तांदूळजा, अंबाडी, आणि मांडवावर मायाळू. टोमॅटोचा मोह आवरा, पारा पस्तिशीच्या वर गेला की त्याची फुलं गळतात, झाड हिरवं राहतं आणि पाणी पितं पण फळ धरत नाही. पालक, कोबी, कोथिंबीर यांना होळीनंतर निरोप द्या. अळू घरच्यांना आवडत असेल तर मोरीच्या पाण्यावर जिथे कायम ओल आहे तिथेच.

आता मांडणी, म्हणजे मुख्य गोष्ट. टेकडीपासून घराकडे चालत या असं समजा.

भिंतीच्या बाहेर दहा फूट गवत कापलेलं हवं. वनखातं टेकडीवर आग अडवायला गवत जाळून मोकळी पट्टी काढतं त्या जाळरेषेचाच हा घरगुती प्रकार, फक्त आपण जाळायचं नाही, कापायचं. हे दिवाळीनंतर गवत पिवळं पडायला लागतं तेव्हाच करायचं काम आहे पण अजूनही वेळ गेलेली नाही. जागा वनखात्याची किंवा कॉर्पोरेशनची असणार, म्हणून आधी विचारा, एकटीनं न करता शेजारच्या चार घरांनी मिळून अर्ज करा, आणि झाडाला हात लावू नका, फक्त गवत. कापलेलं गवत तिथेच ढीग करून ठेवलं तर काहीच साधलं नाही, ते आत आणून कंपोस्टच्या खड्ड्यात ओलं करून दाबा. बी आलेलं गवत सरळ वाफ्यावर घालू नका, पावसाळ्यात तण उपटून हात दुखतील.

भिंतीच्या आतली आठ-दहा फुटांची पट्टी ही तुमची ढाल. इथे सुकं काही नको. गवती चहा इथे असेल तर काढून आत न्या, त्याच्या बुडाशी वाळक्या पात्यांचा जुडगा असतो आणि त्यात तेल, तो भडकून पेटतो. बांबू, जुनी बोगनवेल, यांच्या आतल्या वाळक्या काड्या कोणी काढत नाही, त्याही तशाच. या पट्टीत कोरफड, कर्दळ, अडुळसा आणि जमिनीवर रताळ्याचे वेल. कोरफडीच्या पानात पाणीच पाणी असतं, अडुळसा बारमाही हिरवा आणि शेळ्यासुद्धा खात नाहीत, रताळ्याचा वेल जमीन झाकतो म्हणजे तेच जिवंत आच्छादन झालं. जिथे काही लावलं नसेल तिथे खडी किंवा विटांचे तुकडे पसरा, खालची ओल त्यांनीही टिकते. आंघोळीचं सगळं पाणी या पट्टीला, आणि दुपारी तीनच्या आत, कारण आग लागायची वेळ बहुतेक करून दुपार ते संध्याकाळ हीच असते.

मधे तुमचे तीन वाफे. इथे आच्छादन करायचं, पण सुका पाला उघडा नाही. खाली दोन इंच अर्धवट कुजलेला पाला, चुरलेला, ओला करून दाबलेला, आणि त्याच्यावर इंचभर कंपोस्ट किंवा मातीचं पांघरूण. ठिणगी मातीवर पडली की विझते, सुक्या पानावर पडली की घर करते, सगळा फरक एवढाच आहे. रसवंतीवाल्याकडचं चिपाड लोक आणतात, छान असतं पण ताजं घातलं तर मुंग्या आणि सुकलं की कापरासारखं पेटतं, म्हणून शेणकाल्यात दोन-तीन महिने कुजवूनच वापरा. गिरिपुष्प आपल्या टेकड्यांवर भरपूर आहे, त्याचा हिरवा पाला मिळाला तर फार उत्तम, नत्र भरपूर असतं आणि लवकर कुजतो.

घराला लागून पाच फूट मोकळी फरशी, फार तर मातीच्या मोठ्या कुंड्या. प्लास्टिकच्या ग्रो बॅगा, सुक्या कोकोपीटची पोती, जुन्या जाळ्या, रद्दी, दिवाळीच्या किल्ल्याची गोणपाटं, हे सगळं मागच्या पडवीत असतं ना, ते हलवा. सुकं कोकोपीट ज्वाळा दाखवत नाही, आत तासन्‌तास धुमसतं आणि रात्री सगळे झोपल्यावर भडकतं. छपराच्या पन्हळीत अडकलेला पाला मार्चमधेच काढा. कंपोस्टचा ढीग ना भिंतीला टेकवायचा ना घराला, मधे कुठेतरी, खड्ड्यात, आणि कायम ओला.

वाऱ्याबद्दल. आपल्याकडे उन्हाळ्यात वारे दोन. रोजचा पश्चिमेचा, तो झाडं सुकवतो. आणि एप्रिल-मे मधे वळवाच्या पावसाआधी अचानक उठणारा, तो बहुतेक वेळा उलट्या बाजूनं, पूर्वेकडून येतो, आणि मांडव पाडतो तो हा. तुम्ही मांडव रोजच्या वाऱ्याचा विचार करून ताणला असणार म्हणून तो आडवा झाला. ताण चारही बाजूंनी द्या, मांडवाची उंची सहा फुटांच्या वर नेऊ नका, आणि एप्रिल लागला की वेलाचा वरचा भारा छाटून हलका करा.

वारा अडवायला भिंत किंवा पत्रा हा उपाय नाही, वारा त्याच्यावरून उडी मारून पलीकडे गरगरतो आणि रोपं मोडतो. निम्मा वारा जाऊ देणारा आडोसा सगळ्यात चांगला, उंचीच्या आठ-दहा पटीपर्यंत त्याचा फायदा मिळतो, म्हणजे पाच फुटी आडोशामागे तुमची सगळी बाग येते. हा आडोसा जिवंत करा. तूर लावली असेल तर शेंगा काढून होळीच्या आधी तुराट्या मुळापासून काढून टाका, पूर्वी त्या चुलीलाच जायच्या, त्यावरून त्या किती पेटतात ते समजा. त्याऐवजी अडुळशाची ओळ आणि तिच्या आत शेवगा. शेवगा तीन-चार फुटांवर छाटत राहिलात तर दाट होतो.

शेडनेट पूर्ण सोडा असं मी म्हणणार नाही. मार्चअखेर ते जूनचा पहिला आठवडा मिरचीला आणि पालेभाजीला पन्नास टक्क्यांची जाळी खरंच उपयोगी पडते, गारा पडल्या तर पानं वाचतात. पण ती टेकडीकडच्या ढाल-पट्टीवर नको, फक्त मधल्या वाफ्यांवर. आणि बांधताना तीन कडा पक्क्या आणि चौथी साध्या सुतळीनं बांधा. मोठा झोत आला की सुतळी तुटते, जाळी फडफडते पण सांगाडा वाचतो. जिथे वेल चढतोय तिथे जाळीच नको, दोडका-घोसाळ्याची सावली जाळीपेक्षा गार असते, पानातून पाणी उडतं ना. फक्त दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात आणि वाऱ्यात माश्या-पतंग फिरकत नाहीत, फळ धरत नसेल तर नर फूल तोडून मादी फुलावर हातानं फिरवा.

गरम कोरड्या वाऱ्यात लाल कोळी पडतो, भेंडी आणि वांग्याची पानं मागून तांबूस, जाळी धरल्यासारखी दिसतात. औषधाच्या मागे लागायच्या आधी सकाळी पानांच्या मागच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा मारा, तीन दिवसांनी परत. त्यानं गेलं नाही तर पाच टक्के निंबोळी अर्क, म्हणजे लिटरला पन्नास ग्रॅम निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवून गाळून, संध्याकाळी.

आता प्रत्यक्ष वणवा आला तर. वर टेकडीवर विझवायला जायचं नाही, हे मी हात जोडून सांगते. गवताची आग माणसाच्या धावण्यापेक्षा वेगानं वळते. धूर दिसताक्षणी 101 ला फायर ब्रिगेड आणि 1926 ला वनखात्याची हेल्पलाइन, दोन्ही नंबर फ्रिजवर चिकटवून ठेवा. घरात वयस्कर माणसं आणि मुलं असतील तर त्यांना आधी पुढच्या दारानं बाहेर काढा, गॅस बंद करा, मागच्या खिडक्या लावा. पाण्याच्या पाइपवर विसंबू नका, अशा वेळी लाइट गेली की पंप बंद आणि टाकीतून प्रेशर मिळत नाही. म्हणून मार्च ते जून 200 लिटरचं एक पिंप झाकून मागच्या दाराशी कायम भरलेलं, सोबत दोन बादल्या आणि तीन-चार गोणपाटं. आग आत शिरली नसेल आणि फक्त ठिणग्या पडत असतील तर ओलं गोणपाट टाकून त्या विझवता येतात, माझ्या तेव्हाच्या वीस मिनिटांत हे असतं तर वाफे वाचले असते. धूर दाटला की मात्र सगळं सोडून निघायचं, भाज्या परत लावता येतात. आगीपुढे पळणारे साप बागेत शिरतात, घोणस असू शकते, त्यामुळे दुसऱ्या दिवशी पाल्यात हात घालताना काठी आणि बूट, आणि दिसलाच तर सर्पमित्राला बोलवा, मारू नका.

टेकडीवर आग आपोआप लागत नाही, विडी-सिगारेट, पेटवलेला कचरा, आणि गवत जाळलं की पुढच्या वर्षी चांगलं उगवतं हा समज. हा समज चुकीचा आहे, आगीत गवताचं बीही जातं आणि उघडी पडलेली माती पहिल्या पावसात वाहून जाते. तुमच्या गल्लीत कोणी झाडलोटीचा पाला पेटवत असेल तर ते आधी थांबवा. उघड्यावर कचरा जाळायला राष्ट्रीय हरित लवादाने 2016 मधेच 5,000 रुपये दंड ठरवलाय, पण माझा अनुभव असा की दंडाची भाषा करण्यापेक्षा तो पाला मला द्या म्हटलं की लोक आनंदानं पोती भरून देतात. होळीसुद्धा टेकडीच्या बाजूच्या मोकळ्या प्लॉटवर पेटवू नये, याबद्दल सोसायटीशी आत्ताच बोलून ठेवा.

आग येऊन गेल्यावर लगेच उपटाउपट करू नका. नुसत्या गवताची राख पानांवर पडली असेल तर स्वच्छ पाण्यानं धुवा, भाजी खायला हरकत नाही. पण प्लास्टिक, कचरा, शेडनेट जळून त्याचा धूर बसला असेल तर पालेभाजी टाकून द्या, कंपोस्टमधे पण नको. राख क्षारधर्मी असते, आपल्या जड पाण्याच्या मातीत ती भसाभस मिसळू नका, वरची झाडून काढा. आणि खत लगेच नाही, भाजलेल्या झाडाला आधी फक्त पाणी, दोन आठवडे.

तुमची ती गेल्या वर्षीची करपलेली वांगी अजून उभी आहेत असं तुम्ही लिहिलंय. खोड नखानं खरवडून बघा, आत हिरवं असेल तर जमिनीपासून फूटभर ठेवून तिरकं छाटा, मूठभर कंपोस्ट द्या, खोडवा, म्हणजे त्याच खोडाला फुटून येणारं दुसरं पीक, चांगला येतो, महिना-दीड महिन्यात फुलं धरतील आणि नवीन रोपापेक्षा त्याला पाणी कमी लागेल कारण मुळं खोल गेलेली आहेत. सासूबाईंना म्हणावं, या उन्हाळ्यात फक्त तीन वाफे, आणि घरातल्या प्यायच्या पाण्याला हात लावणार नाही. मागच्या भिंतीचा आतून एक आणि बाहेरच्या गवताचा एक असे दोन फोटो टाकलेत तर ढालीची पट्टी किती फूट घ्यायची ते नक्की सांगते.